नव्या शहरातल्या संध्याकाळी: नाचाचा क्लास, बाहेरचं जेवण आणि उघड्यावरचा सिनेमा

नव्या शहरात दिवसाची चिंता नसते, तो कामात जातो. प्रश्न संध्याकाळचा असतो. खोलीवर यायचं, फोन हातात घ्यायचा आणि नऊ कधी वाजले ते कळायचं नाही. शहरात करण्यासारखं काही नसतं म्हणून असं होत नाही. उलट इतकं काही असतं की "बघू कधीतरी" म्हणता म्हणता सगळंच राहून जातं.

माझं सांगणं एकच आहे. आठवड्यातला एक वार आधी पक्का करा आणि तो नाचाच्या क्लासला द्या. जेवण, सिनेमा, माणसं हे सगळं त्या वाराभोवती गोळा होत जातं. एकट्याने हॉटेलात जेवून ओळखी होत नाहीत, आणि सिनेमा बघताना तर बोलायचंच नसतं. क्लासमध्ये मात्र तेच चेहरे दर आठवड्याला त्याच वेळी समोर येतात. तिथे ओळख व्हायला गप्पिष्ट असावं लागत नाही, वेळेवर हजर राहिलं तरी पुरतं.

वार ठरवताना

शुक्रवार-शनिवार टाळा. त्या दिवशी कुणाचा ना कुणाचा कार्यक्रम निघतो आणि क्लास बुडतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी एक धरा. क्लासचं ठिकाण कामावरून किंवा घरून अर्ध्या तासाच्या आत हवं, आणि ते अंतर त्याच वेळच्या गर्दीत मोजायचं. दुपारी नकाशात दिसणारी पंधरा मिनिटं संध्याकाळी सातला पाऊण तास होतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते तेही आधीच बघून ठेवा. थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता रात्री कसा असतो हे एकदा प्रत्यक्ष चालून पाहिलं की मनातली अर्धी धाकधूक जाते.

कुठला नाच शिकावा

एकट्याने करायचे नाच आणि जोडीने करायचे नाच असे ढोबळ दोन गट धरा. नव्या शहरात आलेल्याने जोडीचा नाच घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी सोबत जोडीदार असावा लागत नाही. बहुतेक क्लासमध्ये दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात, त्यामुळे तासाभरात दहा-बारा जणांशी हात मिळवून झालेला असतो.

सालसा जगभर जवळपास सगळ्या मोठ्या शहरांत शिकवतात. मुळं क्युबाच्या संगीतात, पण आजचं रूप आलं ते न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आणि क्युबन वस्त्यांमधून. आठ मोजण्यांचं चक्र असतं: एक-दोन-तीनला पावलं, चारला थांबायचं, पाच-सहा-सातला पावलं, आठला थांबायचं. क्लासला विचारून घ्या की ते "ऑन वन" शिकवतात की "ऑन टू". म्हणजे पुढे-मागे जाणाऱ्या पावलाची दिशा कितव्या मोजणीवर बदलते हा फरक. दोन्ही छान आहेत, पण पहिले काही महिने एकच धरून राहा. दोन ठिकाणी दोन पद्धती शिकायला गेलात तर पायांचा गोंधळ उडतो.

बचाटा डॉमिनिकन रिपब्लिकचा. तीन पावलं आणि चौथ्याला नुसता टॅप. पायांसाठी हा सगळ्यात सोपा आहे, पण काही ठिकाणी तो फार जवळून नाचतात. तुम्हाला अंतर हवं असेल तर "मी जरा लांबूनच नाचेन" असं सरळ सांगा. चांगला शिक्षक आणि चांगला जोडीदार याचा मान राखतो.

लिंडी हॉप हा स्विंगचा, म्हणजे जॅझ संगीतावरचा, नाच १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीय नर्तकांमध्ये जन्मला. तिथला सॅव्हॉय बॉलरूम १९२६ मध्ये उघडला आणि १९५८ मध्ये बंद झाला. बाहेर वर्णभेद असताना या हॉलमध्ये काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. तिथले नामवंत नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी पुढे अनेक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा शिकवायला लागले आणि २००९ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी वारले, तोवर जगभर शिकवत फिरले. "आता या वयात काय नाच शिकायचा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांचं नाव सांगते. लिंडी हॉपचे क्लास बहुधा हसरे आणि मोकळे असतात. लाजऱ्या माणसाला ते सोयीचे पडतात.

टँगो अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस आणि उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओचा. २००९ मध्ये युनेस्कोने तो मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. यात पाठ केलेली रचना नसते, चालता चालता दोघांनी मिळून नाच उभा करायचा असतो. सुंदर आहे, पण सावकाश येतो. पहिले दोन-तीन महिने नुसतं चालायला शिकण्याची तयारी असेल तरच इथून सुरुवात करा. पूर्ण नवख्याला मी सालसा किंवा लिंडी हॉप सुचवेन.

क्लास कसा पारखायचा

आधी एक तास बसून बघू द्याल का, असं विचारा. नाही म्हणाले तर एकाच तासाचे पैसे भरून जा. पहिल्याच दिवशी तीन किंवा सहा महिन्यांची फी भरू नका, सवलत कितीही असो.

बघायचं काय? शिक्षक पहिल्या वीस मिनिटांत संगीत लावतात का. नुसती आकड्यांवर पावलं शिकवून शेवटच्या पाच मिनिटांत गाणं लावणारा क्लास नवख्याला गाण्यावर नाचायला शिकवत नाही. शिक्षक प्रत्येकाजवळ एकदा तरी येतात का. जोडीत एक जण नाचाची दिशा ठरवतो, तो नेणारा, आणि दुसरा साथ देणारा; या दोघांचंही काम समजावतात का. आणि कोण नेणार, कोण साथ देणार हे ज्याचं त्याला निवडू देतात का. हल्ली बऱ्याच क्लासमध्ये पुरुषानेच न्यायचं असं बंधन नसतं, आणि साथ देणं हे काही दुय्यम काम नाही. जमिनीकडेही बघा. लाकडी फरशी पायांना सांभाळून घेते, सिमेंटवर किंवा दगडी फरशीवर तासभर नाचलात की नडग्या दुखायला लागतात.

पहिला दिवस

दहा मिनिटं आधी पोहोचा आणि शिक्षकांना सांगा की आजच पहिल्यांदा येतोय. गुडघा, पाठ, खांदा यांचं काही दुखणं असेल तर तेही तेव्हाच सांगा.

बुटांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुखापत इथूनच होते. पळायच्या बुटांचा रबरी तळवा जमिनीला घट्ट धरतो. गिरकी घेताना अंग फिरतं, पाऊल मात्र जागीच अडकतं, आणि मधला पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून गुळगुळीत तळव्याचे, पायात घट्ट बसणारे, सपाट बूट घाला. कातडी तळव्याचे जुने फॉर्मल बूट उत्तम. उंच टाचेचे बूट पुढे कधीतरी. नुसत्या मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर उतरू नका. दोन-तीन महिने टिकलात तर स्वेडच्या, म्हणजे मऊ लवदार कातड्याच्या, तळव्याचे नाचाचे बूट घ्या, त्याआधी नको.

सोबत पाणी, छोटा टॉवेल आणि एक जादा शर्ट. अंगठ्या, घड्याळ, लोंबणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, कारण गिरकीत दुसऱ्याचा हात ओरखडतो. डिओ लावा, पण उग्र अत्तर नको.

क्लास सुरू झाला की बहुतेकांची अडचण एकच असते: पाऊल पुढे जातं, पण अंगाचं वजन मागेच राहतं. मग पुढचं पाऊल कुठल्या पायाने टाकायचं तेच कळेनासं होतं. यावर सोपी परीक्षा आहे. प्रत्येक पावलानंतर दुसरा पाय जमिनीवरून सहज उचलता येतोय का बघा. येत असेल तर वजन पूर्ण गेलं. नसेल तर तुम्ही दोन्ही पायांवर अर्धे-अर्धे उभे आहात. घरी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हे दोन मिनिटं केलं तरी पुढच्या आठवड्यात फरक दिसतो.

दुसरं, पावलं लहान ठेवा. तुम्हाला योग्य वाटतील त्याच्या अर्धी. संगीत वेगाने चालू असताना मोठं पाऊल वेळेत परत येत नाही. नजर पायांवर नको, समोरच्याच्या खांद्यावर ठेवा, कारण मान खाली गेली की तोलही जातो. हात धरताना बोटं हलकी अडकवायची, अंगठ्याने दाबून धरायचं नाही.

ठेका सापडत नसेल तर बिचकू नका. सालसाच्या गाण्यात समूहस्वरातलं पालुपद सुरू झालं की घंटेसारखा ठळक टण टण आवाज ऐकू येतो. ती काउबेल. तिचे मोठे ठोके एक, तीन, पाच, सातवर पडतात. रोज एकच गाणं लावून त्या ठोक्यांवर नुसतं चालत राहा, हात-गिरक्या काही नको. कानाला एकदा ती घंटा सापडली की पाय तिच्यामागे यायला लागतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास वाटेल की बाकी सगळ्यांना जमतंय आणि मलाच जमत नाही. बहुतेक जण तिथेच सोडतात. तेव्हा आठ आठवडे जायचंच असं सुरुवातीलाच ठरवून ठेवा आणि त्याआधी स्वतःला मार्क देऊ नका.

सोशलला जाताना

महिना-दीड महिन्यानंतर सोशलला जा. सोशल म्हणजे शिकवणं नाही, नुसतं नाचणं. अनेक ठिकाणी आधी तासभर नवख्यांचा वर्ग असतो, त्यालाच जा, म्हणजे पुढे नाचायला चार ओळखीचे चेहरे मिळतात. कुणालाही "नाचूया का?" विचारता येतं. कुणीही कारण न देता "आत्ता नको" म्हणू शकतं, आणि तुम्हीही. नकार आला तर हसून पुढे जायचं. कुणाचा स्पर्श खटकला तर गाणं संपायची वाट बघायची गरज नाही. "धन्यवाद" म्हणून तिथेच थांबा आणि आयोजकांना सांगा.

फरशीवर दुसऱ्याच्या चुका सुधारायच्या नाहीत, ते काम क्लासचं. टँगोच्या मैफलीत, म्हणजे मिलोंगात, सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. तिथे एका जोडीदाराबरोबर तीन-चार गाण्यांचा संच नाचतात, त्याला तांदा म्हणतात. मध्येच "धन्यवाद" म्हटलं तर "आता पुरे" असा अर्थ होतो, म्हणून आभार शेवटी. नजरेने विचारायचं आणि मानेने होकार द्यायचा, ही तिथली पद्धतही शिकून घ्या. नकार देणं दोघांनाही सोपं जातं.

जेवण: क्लासच्या आधी, नंतर आणि एकट्याने

भरल्या पोटी नाच होत नाही. जेवण झालं असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर तासभर आधी काहीतरी हलकं खा. खरं जेवण क्लास संपल्यावर. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत कुणी विचारलं नाही तर तुम्हीच विचारा, "कुणाला भूक लागलीय का?" घाम गाळलेल्या माणसांमध्ये या प्रश्नाला नाही म्हणणारे थोडेच.

मात्र त्याआधी जवळच्या हॉटेलची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारून ठेवा. हॉटेल बंद व्हायच्या वेळेपेक्षा स्वयंपाकघर बरंच आधी बंद होतं. पाटीवर अकरा लिहिलेलं असतं आणि साडेदहाला शेगड्या विझलेल्या असतात. सहा-सात जण असाल तर आधी फोन करा, आणि बिल कसं वाटून घ्यायचं ते मागवण्याआधी ठरवा. जेवण झाल्यावर हिशेब काढायला बसलं की छान संध्याकाळ विटते.

एकट्याने जेवायला जाणं ही वेगळी मौज आहे आणि ती शिकून घ्यावी. मधल्या वारी, हॉटेल उघडल्यावर पहिल्या तासात जा. तेव्हा स्वयंपाकघरावर ताण नसतो, वाढणाऱ्यांना बोलायला सवड असते, आणि चौघांचं टेबल अडवल्याचा संकोचही होत नाही. काउंटरवर बसायची सोय असेल तर तीच जागा घ्या, समोर काम चालू असलेलं बघता येतं. "आज काय चांगलं आहे?" यापेक्षा "तुम्ही स्वतः काय मागवाल?" असं विचारा, उत्तर जास्त खरं मिळतं. छोटं मेनूकार्ड बघून आनंद व्हायला हवा. शंभर पदार्थ रोज ताजे करणं कुठल्याही स्वयंपाकघराला कठीण असतं.

एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर टेबल राखून ठेवताना सांगा आणि ऑर्डर देताना पुन्हा सांगा. युरोपियन संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे. सगळीकडे तसं नसतं, म्हणून विचारण्याची जबाबदारी आपली. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघूनच टिपचं ठरवा.

आणि आवाज. गप्पा मारायच्या असतील तर याचा विचार पदार्थांच्या आधी करायला हवा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये यावर लिहिलं, त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. एका टेबलाचा आवाज चढला की शेजारचं टेबल चढवतं, आणि तासाभरात सगळे ओरडत असतात. उघड्या काँक्रीटच्या भिंती, काच आणि उंच छत असेल तर हे फार लवकर होतं. पडदे, गाद्या, लाकूड असलेली जागा बघा आणि कोपऱ्यातलं टेबल मागा.

उघड्यावरचा सिनेमा

या प्रकाराला ९० हून अधिक वर्षांची परंपरा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी गाडीत बसून बघायचं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर सुरू केलं. पुढच्या गाडीच्या वरून पडदा दिसावा म्हणून त्यांनी गाड्यांसाठी उतार बांधले होते. स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नोच्या महोत्सवात तर गावच्या चौकात सुमारे ८,००० माणसं एकत्र सिनेमा बघतात.

तिकीट काढताना दिलेली वेळ नीट वाचा. ती फाटकं उघडायची असते की सिनेमा सुरू व्हायची? पडद्यावर प्रकाश टाकून चित्र दाखवायचं तर अंधार लागतोच, त्यामुळे सूर्यास्तानंतर साधारण अर्धा तास तरी जातो. विषुववृत्ताजवळ अंधार लवकर पडतो, उत्तरेकडच्या शहरांत जूनमध्ये रात्रीचे दहा वाजतात. अशा वेळी सिनेमा मध्यरात्रीनंतर संपतो, म्हणजे परतीच्या गाडीचा प्रश्न पुन्हा आला.

जागा कशी निवडायची? सबटायटल असलेला सिनेमा असेल तर सगळ्यात आधी पडद्याची खालची कड बघा. अक्षरं तिथेच येतात आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथेच आड येतं. सपाट मैदानावर चटईवाले पुढे आणि खुर्चीवाले मागे बसतात. तुम्ही उंच खुर्ची आणली असेल तर मागे किंवा कडेला बसा. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर, मधोमध जागा मिळाली तर उत्तम.

फार मागे बसण्यात आणखी एक अडचण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर पडद्याजवळच असतील आणि तुम्ही ३५ मीटर मागे असाल तर संवाद सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि ओठ व शब्द जुळेनासे होतात. हवेने फुगवलेल्या पडद्याला पंखा सतत चालू लागतो, त्याच्या आणि जनरेटरच्या घरघरीपासूनही लांब बसा. काही ठिकाणी वायरलेस हेडफोन देतात. हातात घेतल्याबरोबर लावून बघा, सुरू झाल्यावर बदलून घ्यायला रांग लागते. ड्राइव्ह-इनला आवाज बहुधा एफएमवर येतो. अडीच तास गाडीची बॅटरी उतरवण्यापेक्षा छोटा बॅटरीवरचा रेडिओ न्या.

दिवसा कितीही उकडलं असलं तरी पांघरूण घ्या. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, दव पडतं, आणि चटईखालून गारवा वर येतो. म्हणून खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर चटई, आणि पाठीला एखादी उशी. डास घालवायचं मलम घरूनच लावून या, गर्दीत बसून फवारा मारला तर शेजाऱ्यांना त्रास होतो. टॉर्च लागलाच तर जमिनीकडे धरा.

निघण्याआधी कार्यक्रम होतोय ना ते बघा. पावसाइतकाच वाराही महत्त्वाचा असतो. फुगवलेला पडदा मोठ्या वाऱ्यात उभा ठेवणं धोक्याचं, म्हणून आकाश कोरडं असूनही खेळ रद्द होतो. पैसे परत मिळतात की पुढची तारीख, हे तिकिटावरच वाचून ठेवा.

माणसं बोलावताना

सिनेमाला क्लासमधल्यांना बोलवा. "कधी तरी जाऊया" असा मेसेज पाठवू नका, त्याला सगळे अंगठ्याची इमोजी पाठवतात आणि कुणी येत नाही. असा पाठवा: "शनिवारी साडेसातला मैदानाच्या पूर्वेच्या फाटकाशी. माझ्याकडे मोठी चटई आहे, चौघं बसतील. तिकीट ज्याने त्याने काढायचं. गुरुवारपर्यंत सांगा." वार, वेळ, जागा आणि किती जण मावतील हे ठरलेलं असलं की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. पहिल्यांदा दोघं आले तरी जा, आणि कुणीच आलं नाही तरी जा. पुढच्या क्लासला सिनेमा कसा होता हे सांगितलंत की त्यापुढच्या खेळाला कोण कोण येणार ते तिथेच कळेल.